नामधारी म्हणून हिणवलेले मेरोव्हिंजियन राजे पावणेतीनशे वर्षं टिकले कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मेरोव्हिंजियन राजे पिढ्यानपिढ्या भावाभावांत लढत राहिले. शेवटचे तर बैलगाडीतून फिरणारे नामधारी राजे होते आणि सगळी सत्ता कारभाऱ्यांच्या हातात गेली होती. मग आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात राज्य करणारं हे फ्रँक घराणं पाचव्या शतकापासून थेट ७५१ पर्यंत गादीवर राहिलं कसं? आणि इतक्या दुबळ्या राजाला हटवायला कारभारी पेपिनला पोपचा कौल कशाला घ्यावा लागला? मध्ययुगीन युरोप हा विषय मी बरीच वर्षं शिकवतो आहे, आणि प्रश्नाचे हे दोन भाग कोणी एकत्र विचारले की मला बरं वाटतं, कारण दुसऱ्या भागातच पहिल्याचं उत्तर आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘काही न करणारे राजे’ हे चित्र ज्यांनी त्यांची गादी घेतली त्यांच्या गोटात रंगवलं गेलं. प्रत्यक्षात आठव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत मेरोव्हिंजियन राजाचा दरबार चालू होता आणि तिथे लागलेला निकाल बड्या बड्यांना मानावा लागत होता. सत्ता हातातून गेली ती त्यानंतर, एका यादवीत. आणि ती गेल्यावरही या घराण्यावाचून कोणाचं चालेना.

बैलगाडीचं वर्णन आइनहार्डचं. तो फ्रँक सम्राट शार्लमेनच्या दरबारातला माणूस. शार्लमेनचं चरित्र त्याने नवव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत लिहिलं, म्हणजे शेवटचा मेरोव्हिंजियन गादीवरून उतरल्याला साठेक वर्षं उलटून गेल्यावर. त्यात तो म्हणतो, राजाकडे उरलं होतं काय, तर लांब केस, लांब दाढी, तुटपुंज्या उत्पन्नाची एक वाडी आणि मूठभर नोकर. कुठे जायचं झालं की बैल जुंपलेली गाडी, आणि ती हाकायला एक गुराखी. परदेशी वकील आले की त्यांना काय उत्तर द्यायचं तेही राजाला पढवलं जायचं. आइनहार्डचा धनी ज्या पेपिनचा मुलगा, त्या पेपिननेच ही गादी घेतली होती. अशा लेखकाकडून दुसरं काय लिहून येणार? शिवाय उत्तरकालीन रोमन साम्राज्यात सरकारी मालवाहतूक बैलगाड्यांवरच चालायची. बैलगाडीतला राजा हे जुन्या रोमन रीतीचं अवशेषरूप असावं, असं मानणारे अभ्यासक आहेत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

आता घराण्याच्या मुळाकडे येऊ. नाव पडलं मेरोवेखवरून. त्याच्याबद्दल खात्रीने सांगावं असं फारसं काही नाही. त्याची आई समुद्रात स्नान करत असताना एक जलदैत्य भेटला आणि त्यातून हा जन्मला, अशी दंतकथा सातव्या शतकातल्या एका इतिवृत्तात आहे. ख्रिस्ताच्या वंशाशी या घराण्याचा संबंध जोडणाऱ्या गोष्टी तर विसाव्या शतकात रचलेल्या आहेत. मध्ययुगातल्या एकाही लेखकाने तसं लिहिलेलं नाही.

जमिनीवर पाय टेकतात ते चिल्डेरिकपाशी. २७ मे १६५३ रोजी आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने गावात सेंट-ब्रिस चर्चजवळ खोदकाम चालू होतं. एका मूकबधिर गवंड्याच्या कुदळीखाली सोन्याची नाणी लागली. खाली कबर होती: तलवार, शंभरावर सोन्याची नाणी, सोनं आणि लाल गार्नेट जडवलेल्या सुमारे तीनशे लहान मधमाश्या, आणि एक मुद्रेची अंगठी. अंगठीवर खांद्यावर केस रुळणारा, हातात भाला धरलेला पुरुष कोरलेला होता आणि भोवती लॅटिनमध्ये ‘चिल्डेरिक राजाची’ अशी अक्षरं होती. हा चिल्डेरिक म्हणजे क्लोव्हिसचा बाप. त्याचा मृत्यू ४८१ किंवा ४८२ मधला.

त्या अंगठीकडे नीट पाहा. अंगात रोमन सेनापतीचं चिलखत, अक्षरं लॅटिन, आणि केस मात्र रोमन माणूस कधी वाढवणार नाही इतके लांब. रोमन अधिकारपद आणि फ्रँक राजवंश, दोन्हींवरचा हक्क एका बोटभर जागेत सांगितलेला आहे. पुढे हा खजिना व्हिएन्नामार्गे चौदाव्या लुईकडे पॅरिसला आला. नेपोलियनने १८०४ मध्ये राज्याभिषेकासाठी मधमाशीचं चिन्ह घेतलं ते यातूनच. १८३१ मध्ये पॅरिसच्या राजग्रंथालयात चोरी झाली आणि बहुतेक सोनं वितळवलं गेलं. आज मूळच्या मधमाश्या दोनच उरल्या आहेत. सोळाशे पंचावन्न साली त्या वस्तूंची चित्रं छापली गेली होती म्हणून आपल्याला एवढं तरी माहीत आहे. जाता जाता एक सांगतो: पाचव्या-सहाव्या शतकातल्या फ्रँक दागिन्यांमधल्या गार्नेटांचं रासायनिक विश्लेषण झालं, तेव्हा त्यांतले बरेचसे खडे भारत आणि श्रीलंकेतले निघाले. पश्चिमेतलं रोमन साम्राज्य कोसळलं म्हणून व्यापार थांबला नव्हता.

क्लोव्हिसची कारकीर्द बहुतेकांना माहीत असते, म्हणून भरभर सांगतो. ४८६ मध्ये त्याने स्वासाँ इथे रोमन सत्ताधीश सियाग्रिअसला हरवलं. बायको क्लोटिल्ड कॅथलिक होती. रेम्सच्या बिशप रेमिगिअसकडून त्याने बाप्तिस्मा घेतला, मात्र त्याचं वर्ष ४९६ की ५०८ यावर अजून वाद आहे. ५०७ मध्ये व्हुयेच्या लढाईत व्हिसिगॉथ राजा दुसरा अलारिक मारला गेला आणि गॉलचा (आजच्या फ्रान्सचा) नैर्ऋत्य भाग फ्रँकांकडे आला. ५११ मध्ये क्लोव्हिस पॅरिसला वारला आणि राज्य चार मुलांत वाटलं गेलं.

इथे बहुतेक पाठ्यपुस्तकं एक चूक करतात. वाटणी झाली म्हणजे राज्य फुटलं, असा अर्थ ती काढतात. पण वाटणी झाली ती घराण्यातल्या घराण्यात. बाहेरच्या कोणालाही त्यात वाटा मागता आला नाही. सहाव्या शतकात इतके खून पडले, पण प्रत्येक कटवाल्याला पुढे करायला मेरोव्हिंजियन रक्ताचाच कोणीतरी लागायचा. खरा सापडला नाही तर तोतया उभा करायचे, आणि तो तोतयाही आपण क्लोथार राजाचा मुलगा असल्याचं सांगायचा. भाऊ भावाला मारत होता, पण घराणं मात्र जास्तच पक्कं होत होतं.

रक्ताची ही खूण म्हणजे लांब केस. क्लोव्हिसचा मुलगा क्लोदोमेर लढाईत पडला तेव्हा त्याची लहान मुलं आजी क्लोटिल्डकडे होती. त्यांच्या दोन्ही काकांनी, चिल्डेबर्ट आणि क्लोथार यांनी, आजीकडे एक माणूस पाठवला. त्याच्या एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात नागवी तलवार. नातवांचे केस कापायचे की गळे, हे तू ठरव, असा निरोप. दुःखाने भान हरपलेली ती म्हातारी म्हणाली, राज्यावर बसणार नसतील तर केस कापलेले पाहण्यापेक्षा मेलेले पाहीन. क्लोथारने स्वतःच्या हाताने दोघांना मारलं. थोरला दहा वर्षांचा होता, धाकटा सात. तिसरा क्लोदोआल्ड निसटला, त्याने स्वतःच आपले केस कापले आणि तो धर्मसेवेत गेला. पॅरिसजवळचं सेंट-क्लू हे गाव त्याच्याच नावाचं. ही हकिगत तूर्चा बिशप ग्रेगरी याने लिहून ठेवली आहे. तो बिशप होता ५७३ ते ५९४, म्हणजे घटनेनंतर पन्नासेक वर्षांच्या आतला. संवाद त्याने रंगवले असतील, पण कात्रीचा अर्थ त्याच्या वाचकाला समजावून सांगावा लागला नाही, हे महत्त्वाचं.

ग्रेगरी आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला या घराण्याची गुरुकिल्ली वाटते. राजाची मुलं ती राजपुत्रच, आईचं कूळ कोणतं हे पाहिलं जात नाही. म्हणूनच हे राजे दासींशी लग्न करू शकत होते आणि करत होते. याचा राजकीय फायदा मोठा होता. राणी एखाद्या बड्या सरदार घराण्यातली नसली की त्या घराण्याला सासुरवाडीच्या नात्याने सिंहासनाजवळ पोहोचता येत नाही. सरदार कितीही मोठा झाला तरी राजवंश त्याच्यापासून एक पायरी वरच राहतो. सातव्या शतकातली राणी बाल्थिल्ड इंग्लंडमधून आणलेली अँग्लो-सॅक्सन दासी होती. दुसऱ्या क्लोव्हिसची ती बायको झाली. नवरा ६५७ मध्ये वारल्यावर तिने लहान मुलाच्या नावाने राज्य चालवलं, कोर्बी आणि शेल इथले मठ उभे केले आणि ख्रिस्ती बंदिवानांच्या विक्रीला मनाई केली. शेलमध्ये तिच्या नावाने जपलेलं एक तागाचं वस्त्र आजही आहे. त्यावर गळ्यातल्या हारांची नक्षी रेशमाने भरली आहे. खरे दागिने अंगावरून उतरवून तिने धाग्याचे घातले असावेत, असं ते पाहून वाटतं.

ब्रुनहिल्ड आणि फ्रेडेगुंड या दोन राण्यांचं वैर फार गाजलेलं आहे, म्हणून त्यात फार शिरत नाही. ५७५ मध्ये ब्रुनहिल्डचा नवरा सिगेबर्ट याला विषारी सुऱ्यांनी मारलं, ५८४ मध्ये शेल इथे फ्रेडेगुंडचा नवरा चिल्पेरिक याचा खून झाला, आणि ६१३ मध्ये सत्तरीच्या घरातल्या ब्रुनहिल्डला घोड्याला बांधून फरफटत मारलं. पण ६१३ चं एक बाजूला काढून ठेवा. ब्रुनहिल्डच्या विरोधात दुसऱ्या क्लोथारला मिळालेल्या ऑस्ट्रेशियाच्या (राज्याच्या पूर्व भागाच्या) सरदारांत अर्नुल्फ आणि पेपिन हे दोघं होते. हेच शार्लमेनचे पूर्वज. पुढे ज्यांनी राजवंश संपवला ते घराणं राजकारणात वर आलं तेच मुळी एका मेरोव्हिंजियनला दुसऱ्याविरुद्ध मदत करून.

दुसरा क्लोथार आणि त्याचा मुलगा डॅगोबर्ट यांच्या काळात, ६१३ ते ६३९, राज्य बहुतेक एका छत्राखाली होतं. डॅगोबर्टनंतर खरी अडचण सुरू झाली, आणि ती आळसाची नव्हे तर वयाची होती. सिगेबर्ट तिसरा गादीवर आला तेव्हा तीनेक वर्षांचा होता. त्याचा भाऊ दुसरा क्लोव्हिसही लहान मूलच. पुढचे बरेच राजे पोरवयात बसले आणि विशी-पंचविशीत गेले. राजा सज्ञान होईपर्यंत राजमाता आणि महालाचा कारभारी राज्य हाकणार, आणि राजा कर्ता झाला न झाला तोच मरणार, हे चक्र होऊन बसलं. जो अंगाने राज्य करू गेला त्याचं काय झालं तेही पाहा. दुसऱ्या चिल्डेरिकने बोदिलो नावाच्या सरदाराला फटके मारवले. ६७५ मध्ये त्याच बोदिलोने राजाला आणि त्याच्या गरोदर राणीला जंगलात ठार केलं. काही न करणाऱ्या राजाला मारायला एवढी उठाठेव कोणी करत नाही.

पेपिनच्या घराण्याने गादीवर हात टाकायचा पहिला प्रयत्न ७५१ च्या जवळजवळ शंभर वर्षं आधीच केला होता, आणि तो अंगाशी आला. तिसरा सिगेबर्ट वारल्यावर त्याचा कारभारी ग्रिमोआल्ड (६१३ च्या त्या पेपिनचा मुलगा) याने राजपुत्र दुसऱ्या डॅगोबर्टचे केस कापले, त्याला आयर्लंडला धाडला आणि स्वतःचा मुलगा गादीवर बसवला. बसवताना त्याला चिल्डेबर्ट हे मेरोव्हिंजियन नाव दिलं. थोड्याच वर्षांत न्यूस्ट्रियाच्या (राज्याच्या पश्चिम भागाच्या) फ्रँकांनी ग्रिमोआल्डला पकडून मारलं. कारभाऱ्याची सत्ता लोक सोसत होते, पण कारभाऱ्याचा मुलगा राजा म्हणून त्यांना नको होता. आणि केस कापून धाडलेला डॅगोबर्ट ६७६ मध्ये परत येऊन राजा झालाही.

आता ‘नामधारी’ काळाकडे येऊ. ६८७ मध्ये तेर्त्री इथे ऑस्ट्रेशियाच्या पेपिनने (आधीच्या पेपिनचा नातू) न्यूस्ट्रियाचा पाडाव केला. इथून राजे बाहुले झाले, असं नेहमी लिहिलं जातं. मी विद्यार्थ्यांना इथे थांबवतो आणि राजांच्या सनदा वाचायला लावतो. मेरोव्हिंजियन राजांच्या चाळीसच्या आसपास सनदा मूळ रूपात पॅरिसमध्ये टिकून आहेत. जुन्या पपायरसवर आहेत, सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या चर्मपत्रावर. अक्षरं एकमेकांत इतकी गुंतलेली की डोळे दुखतात. त्यांतल्या काहींवर राजाने स्वतःच्या हाताने नाव लिहिलेलं आहे. याउलट ७५१ चा पेपिन राजा झाल्यावर सनदेवर नुसती क्रुसाची खूण करायचा.

या सनदांत तिसऱ्या चिल्डेबर्टच्या (६९४ ते ७११) दरबारचे निवाडे आहेत. ६९७ मधला एक घ्या. वादी तुसोनवाल मठाचा मठाधिपती, प्रतिवादी द्रोगो. हा द्रोगो म्हणजे सर्वसत्ताधीश पेपिनचा मुलगा. भांडण न्वाझी नावाच्या जमिनीचं. द्रोगोचं म्हणणं, ही जमीन माझ्या सासऱ्याला अदलाबदलीत मिळाली होती. दरबाराने विचारलं, अदलाबदलीचा कागद दाखवा. कागद नव्हता. निकाल मठाच्या बाजूने लागला. पुढे ७१० मध्ये पॅरिसजवळच्या सेंट-डेनिस मठाच्या जत्रेतल्या जकातीवरून तो मठ आणि कारभारी ग्रिमोआल्ड (पेपिनचा दुसरा मुलगा) यांची माणसं दरबारात उभी राहिली, आणि तिथेही ग्रिमोआल्डची बाजू हरली. राजा बाहुलं असेल तर कारभाऱ्याची पोरं त्याच्या दरबारात खटले का हरतील? ७२७ मध्ये न्यूस्ट्रियातल्या एका निनावी लेखकाने या चिल्डेबर्टला ‘न्यायी राजा’ म्हटलं आहे. त्याच्या डोळ्यांसमोर हे निवाडे होते, आइनहार्डची बैलगाडी नव्हती.

पेपिन ७१४ मध्ये वारला आणि सगळं फाटलं. विधवा प्लेक्ट्रुडने लहान नातवाला कारभारी केलं आणि सावत्र मुलगा चार्ल्स याला कोंडलं. न्यूस्ट्रियाच्या सरदारांनी दुसऱ्या चिल्डेरिकचा मुलगा दानिएल याला मठातून बाहेर काढलं, केस वाढू दिले आणि दुसरा चिल्पेरिक म्हणून राजा केलं. हा चाळिशीतला प्रौढ माणूस होता. फौजेबरोबर तो कोलोनपर्यंत गेला आणि तिथे चार्ल्सला मार खावा लागला. ७१६ मधली त्याची कोर्बी मठाला दिलेली सनद वाचण्यासारखी आहे. आधीच्या राजांनी दिलेला हक्क तीत कायम केला आहे: भूमध्य समुद्राकाठच्या फोसच्या सरकारी कोठारातून मठाला दरवर्षी दहा हजार पौंड तेल, १५० पौंड जिरं, ३० पौंड मिरी, लवंग, खजूर, तांदूळ आणि पपायरसचे ५० गठ्ठे. तीनशे कोसांवरच्या कोठारातून एवढा माल सुटत असे की नाही, यावर इतिहासकार भांडतात. पण राजाच्या नावाचा कागद तिथे चालतो असं धरूनच मठाने तो करून घेतला, आणि ती मिरी मलबारातूनच येणार.

चार्ल्सने, म्हणजे पुढच्या चार्ल्स मार्टेलने, ७१७ मध्ये व्हँशी इथे आणि नंतर स्वासाँजवळ चिल्पेरिकला हरवलं. माझ्या मते मेरोव्हिंजियन सत्तेचा शेवट इथे झाला, ६८७ मध्ये नाही. आणि लगेच पाहा चार्ल्सने काय केलं. चिल्पेरिकविरुद्ध लढताना त्याने स्वतःचा एक मेरोव्हिंजियन, चौथा क्लोथार, उभा केला. तो वारला तेव्हा हरवलेल्या चिल्पेरिकलाच राजा मानलं. चिल्पेरिक वारल्यावर चौथा थेउडेरिक आणला. ७३२ मध्ये प्वातिएची लढाई जिंकलेला हा माणूस, ७३७ मध्ये थेउडेरिक वारल्यावर गादी रिकामी ठेवून चार वर्षं राज्य करत राहिला, पण स्वतः राजा झाला नाही. त्या वर्षांतल्या त्याच्या सनदेवर काळ लिहिलेला आहे तो ‘थेउडेरिक राजाच्या मृत्यूनंतरचं पाचवं वर्ष’ असा. मुलाला गादीवर बसवणाऱ्या ग्रिमोआल्डचं काय झालं ते चार्ल्सच्या घरात कोणी विसरलं नव्हतं.

७४१ मध्ये चार्ल्स वारला आणि चारी बाजूंनी बंडं उठली. मुलांना, कार्लोमान आणि पेपिन यांना, ७४३ मध्ये पुन्हा एक मेरोव्हिंजियन शोधून बसवावा लागला, तो तिसरा चिल्डेरिक. त्याच्या एका सनदेत राजा कार्लोमानला उद्देशून म्हणतो, ‘ज्याने आम्हाला राज्याच्या सिंहासनावर बसवलं.’ आता राजा खरोखर नामधारी झाला होता. पण असे नामधारी राजे दोघे-तिघेच, आणि तेही तीसेक वर्षांपुरते. त्यांच्यावरून पावणेतीनशे वर्षांच्या घराण्याला नाव ठेवणं अन्यायाचं आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पेपिनकडे फौज होती, खजिना होता, कार्लोमान ७४७ मध्ये संन्यास घेऊन गेल्यामुळे भाऊबंदही आड नव्हता. नव्हतं ते रक्त. फ्रँकांच्या रीतीत राजा होण्याचा दुसरा रस्ताच नव्हता, म्हणून त्याला रीतीबाहेरचा अधिकार आणावा लागला. वुर्त्सबुर्गचा बिशप बुर्खार्ड आणि सेंट-डेनिसचा फुलराड यांना रोमला पाठवून पोप झकरियासकडून कौल घेतला: ज्याच्या हातात सत्ता आहे त्यालाच राजा म्हणावं. ही हकिगत जिथे येते ते राजवृत्त चाळीसेक वर्षांनी लिहिलेलं आहे, म्हणून तिच्यावर शंका घेणारे आहेत. अभिषेकाबद्दल मात्र बहुतेकांना शंका नाही. ७५१ मध्ये बिशपांनी पेपिनला पवित्र तेलाने अभिषेक केला. फ्रँक राजाला असा अभिषेक यापूर्वी कधीच झाला नव्हता, मेरोव्हिंजियनांना त्याची गरजच पडली नव्हती. चिल्डेरिकचे केस कापून त्याला मठात पाठवलं. तेवढ्यानेही भागलं नाही. ७५४ मध्ये पोप दुसरा स्टीफन आल्प्स ओलांडून आला आणि सेंट-डेनिसला त्याने पेपिनला पुन्हा, आणि त्याच्या दोन मुलांनाही, अभिषेक केला. त्या मुलांतला एक शार्लमेन.

७७८ मध्ये शार्लमेनला जुळे मुलगे झाले. कॅरोलिंजियन, म्हणजे पेपिन-शार्लमेनच्या घराण्यात तोवर नावं चालायची ती पेपिन, चार्ल्स, कार्लोमान, ग्रिमोआल्ड अशी. शार्लमेनने या जुळ्यांची नावं ठेवली लुई आणि लोथार. म्हणजे क्लोव्हिस आणि क्लोथार.